ऑगस्टमध्ये विद्यापीठ उघडणार का? २०२० साली अमेरिकेत या प्रश्नाचं उत्तर कुठे अडकलं होतं

मे २०२०. माझ्या लॅपटॉपवर एकाच एक्सेल फाइलच्या तीन प्रती उघड्या होत्या. पहिलीचं नाव 'पूर्ण उघडलं तर', दुसरीचं 'अर्धं उघडलं तर', तिसरीचं 'बंदच राहिलं तर'. मी तेव्हा अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठाच्या एका विभागात जमाखर्चाचं काम बघत होते. तिन्ही फाइलींत खर्चाची बाजू जवळपास सारखी होती. पगार तेवढेच, आरोग्यविमा तेवढाच, इमारतींचे हप्ते तेवढेच. जमेची बाजू मात्र पहिल्या फाइलीकडून तिसरीकडे जाताना ओळीमागून ओळ खाली घसरत होती.

त्याच आठवड्यात सांगलीहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला. तिच्या मुलीला कॅलिफोर्नियात एम.एस.ला प्रवेश मिळाला होता. "ताई, ते लोक सांगतच नाहीत गं, कॉलेज उघडणार की नाही ते. एवढी मोठी विद्यापीठं, त्यांना माहीत नसेल असं होईल का?"

खरोखरच माहीत नव्हतं. पण त्याचं कारण फक्त विषाणू नव्हता. उघडायचं की नाही आणि पैसे कुठून आणायचे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं बाहेरून वाटत होतं. आत बसलेल्यांसाठी तो एकच प्रश्न होता. तो तसा का होता, हे समजून घ्यायचं तर आधी विद्यापीठाचं पोट कशावर भरतं ते बघावं लागेल.

पैसे येतात कुठून?

अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठाला मुख्यतः तीन वाटांनी पैसे येतात. एक, राज्य सरकारचं अनुदान. दोन, विद्यार्थ्यांची फी. आणि तीन, ज्याकडे आपलं लक्ष जात नाही ती वाट: वसतिगृह, मेस, पार्किंग, पुस्तकांचं दुकान, खेळाचे सामने, काही ठिकाणी स्वतःचं रुग्णालय. संशोधनासाठीही मोठाल्या रकमा येतात, पण त्या ज्या कामासाठी दिल्या त्याच कामाला वापराव्या लागतात. त्यातून इतिहासाच्या प्राध्यापकाचा पगार काढता येत नाही.

तिसरी वाट समजायला पुण्यातली एखादी मेस डोळ्यांसमोर आणा. मालकाने जागा भाड्याने घेतली आहे, गॅसशेगडी कर्जावर आणली आहे, स्वयंपाकाला दोन मावशी महिन्याच्या पगारावर आहेत. शंभर मुलं जेवली तर सगळं निघून चार पैसे उरतात. मुलं गावी गेली तर पोळ्यांचं पीठ वाचतं, पण भाडं, हप्ता आणि पगार थांबत नाहीत. आता या मेसच्या जागी हजारो मुलांचं वसतिगृह ठेवा. ते बांधण्यासाठी विद्यापीठाने बाजारात कर्जरोखे विकलेले असतात, तेही वीस-तीस वर्षांच्या मुदतीचे, आणि त्यांची परतफेड खोल्यांच्या भाड्यातून होईल असं गृहीत धरलेलं असतं. काही विद्यापीठांनी तर वसतिगृहं खाजगी कंपन्यांकडून बांधून घेतली आणि पुढची अनेक वर्षं त्या भाड्याचा वाटा त्यांना देण्याचे करार केले. खोली रिकामी राहिली तरी करार जागेवर असतो.

मार्च २०२० मध्ये ही घडी एका आठवड्यात विस्कटली. ६ मार्चला सिअॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनने वर्ग ऑनलाइन करत असल्याचं जाहीर केलं. १० मार्चला हार्वर्डने मुलांना पाच दिवसांत खोल्या रिकाम्या करायला सांगितलं. मग देशभर एकापाठोपाठ एक विद्यापीठं बंद झाली आणि बहुतेकांना उरलेल्या दिवसांचं खोलीचं आणि जेवणाचं भाडं परत करावं लागलं. माझ्या टेबलावर त्या परताव्यांच्या याद्या येत होत्या. प्रत्येक ओळ एका मुलाची: नाव, खोलीचा क्रमांक, किती दिवस उरले होते, किती रक्कम परत. त्या परत जाणाऱ्या रकमा आधीच कुठे ना कुठे खर्ची पडल्या होत्या, हे याद्या पुढे पाठवताना मला दिसत होतं.

"वर्ग ऑनलाइन आहेत, मग फी कमी का नाही?" हा प्रश्न तेव्हा प्रत्येक घरात होता. अनेकांनी तर त्यावरून कोर्टात धाव घेतली. मुलांचं म्हणणं रास्त होतं. प्रयोगशाळा नाही, वाचनालय नाही, मित्र नाहीत, मग पैसे कसले? पण फीचा मोठा हिस्सा शिकवणाऱ्यांच्या पगारात जातो, आणि तो पगार व्हिडिओवर शिकवलं म्हणून घटत नाही. उलट सॉफ्टवेअर, कॅमेरे, शिक्षकांचं प्रशिक्षण, इंटरनेट नसलेल्या मुलांना लॅपटॉप असा खर्च वाढला. दोन्ही बाजू खऱ्या होत्या, म्हणूनच हा वाद इतका कडू झाला.

राज्यांनी हात का आखडला?

अमेरिकेचं केंद्र सरकार कर्ज काढून तूट भरू शकतं. राज्यांना ती मोकळीक नाही. जवळपास सर्व राज्यांवर दरवर्षी जमाखर्च जुळवण्याचं कायदेशीर बंधन आहे. विक्रीकर आणि आयकर आटला की त्याच वर्षी खर्च कापावा लागतो. त्यात २०२० मध्ये आयकर भरण्याची तारीख १५ एप्रिलवरून १५ जुलैवर गेली. बहुतेक राज्यांचं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं. म्हणजे जो कर या वर्षात यायचा तो पुढच्या वर्षात ढकलला गेला, आणि वर्ष संपताना नेमकी किती तूट आहे हे मोजणंही अवघड झालं.

मग कात्री पहिल्यांदा विद्यापीठांवर का चालते? शाळा कायमच्या बंद करता येत नाहीत, तुरुंग रिकामे करता येत नाहीत, गरिबांचा आरोग्यविमा साथीच्या काळात तर मुळीच कापता येत नाही. विद्यापीठाबद्दल मात्र आमदारांना एक गोष्ट पक्की माहीत असते: यांच्याकडे फी वसूल करायला विद्यार्थी आहेत. अनुदान कमी केलं तर ते फी वाढवतील आणि निभावून नेतील. २००८च्या मंदीनंतर हेच झालं होतं, आणि अनेक राज्यांत त्या वेळी कापलेलं अनुदान २०२० उजाडेपर्यंत पूर्ण भरूनही आलं नव्हतं.

ओहायोच्या गव्हर्नरांनी ५ मे २०२० रोजी ७७.५ कोटी डॉलरची कपात जाहीर केली. त्यात उच्च शिक्षणाचे ११ कोटी होते. ही कपात पुढच्या वर्षासाठी नव्हती. चालू वर्षाचे जेमतेम आठ आठवडे उरलेले असताना, बरेचसे पैसे खर्च होऊन गेल्यावर ती आली. कॅलिफोर्नियाचं चित्र आणखी धक्कादायक होतं. जानेवारीत तिथे शिलकीचं अंदाजपत्रक मांडलं गेलं होतं. मे महिन्यात तेच सरकार ५४.३ अब्ज डॉलरची तूट येईल असं सांगत होतं. तिथल्या दोन मोठ्या विद्यापीठ व्यवस्थांना, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी यांना, प्रत्येकी सुमारे ३० कोटी डॉलर कमी मिळाले. कायद्यात एक अट घातली होती: १५ ऑक्टोबरपर्यंत केंद्राकडून पुरेशी मदत आली तर ही कपात मागे घेऊ. ऑक्टोबर आला आणि गेला, मदत आली नाही. कोलोरॅडोने उच्च शिक्षणाचं अनुदान निम्म्याहून जास्त कापलं आणि केंद्राच्या साथ-मदतीतले ४५ कोटी डॉलर त्या खड्ड्यात ओतले. खड्डा त्या वर्षापुरता बुजला, पण ती मदत एकदाच मिळणारी होती.

तारखांचं कोडं

सगळ्यात कमी समजावून सांगितली गेलेली गोष्ट म्हणजे तारखा, असं मला वाटतं.

१ मे: प्रवेश मिळालेली मुलं याच सुमारास जागा पक्की करतात. तेव्हा त्यांना हवं असतं उत्तर, "वर्ग प्रत्यक्ष भरणार का?" जून अखेर: राज्याचं अंदाजपत्रक, म्हणजे अनुदानाचा आकडा. १ जुलै: विद्यापीठाचं नवं आर्थिक वर्ष. ऑगस्ट: फीची बिलं आणि वर्ग. त्यानंतर साधारण दोन-तीन आठवड्यांनी पटनोंदीचा दिवस, ज्या दिवशीची विद्यार्थिसंख्या अधिकृत धरली जाते. म्हणजे शेवटचा खरा आकडा सप्टेंबरमध्ये कळणार, आणि कुणाला पुढच्या वर्षी कामावर ठेवायचं हे मात्र मे-जूनमध्ये ठरवायचं. हंगामी शिक्षकांना पत्रं तेव्हाच जातात.

आता स्वतःला कुलगुरूच्या खुर्चीत बसवा. मे महिन्यात "ऑनलाइनच" म्हणालात, तर मुलं म्हणतील, मग एक वर्ष थांबतो, किंवा घराजवळच्या स्वस्त कॉलेजात जातो. "उघडणार" म्हणालात आणि ऑगस्टमध्ये साथ भडकली, तर माणसं आजारी पडतील. काहीच बोलला नाहीत, तर दोन्हीकडून शिव्या. त्यामुळे बहुतेकांनी "प्रत्यक्ष वर्ग घेण्याचा आमचा मानस आहे" अशा शब्दांची पत्रं काढली. माझ्या बहिणीला येत होती ती पत्रं हीच. त्या शब्दांत ना हो होतं ना नाही.

एका व्यवस्थेने मात्र लवकर आणि स्पष्ट सांगितलं. १२ मे रोजी कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीचे प्रमुख टिमथी व्हाइट यांनी जाहीर केलं की २३ कॅम्पसवरचं पुढचं सत्र मुख्यतः ऑनलाइन होईल. जवळपास पावणेपाच लाख मुलांचा प्रश्न त्यांनी एका दिवशी निकाली काढला. त्यांचं धैर्य मी मान्य करते, पण त्यामागचा हिशेबही बघायला हवा. तिथली बहुसंख्य मुलं घरून ये-जा करणारी, त्याच राज्यातली. वसतिगृहाच्या भाड्यावर त्यांचा डोलारा इतरांइतका उभा नव्हता. ज्यांचा होता, त्यांना "बंद" हा शब्द उच्चारणं जड गेलं. निर्णय घेणारे वाईट होते असं मी म्हणणार नाही. त्या खोलीत हप्त्यांची यादीसुद्धा टेबलावर होती, एवढंच मला सांगायचं आहे.

एक आठवड्याचं सत्र

उघडण्याच्या निर्णयाचं काय झालं याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा चॅपल हिल कॅम्पस. १० ऑगस्टला वर्ग सुरू झाले. मुलं वसतिगृहात आली होती, आईवडील गाड्या भरभरून सामान टाकून परत गेले होते. पहिल्याच आठवड्यात तपासण्यांमध्ये बाधित निघण्याचं प्रमाण २.८ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेलं. वसतिगृहांत आणि मुलांच्या क्लबघरात बाधितांचे गट सापडू लागले. १७ ऑगस्टला विद्यापीठाने सांगितलं की १९ तारखेपासून पदवीचे वर्ग ऑनलाइन होतील. ज्यांना घरी जायचं आहे त्यांना दंडाशिवाय खोली सोडायची मुभा मिळाली. दुसऱ्याच दिवशी नोत्र दाम विद्यापीठाने प्रत्यक्ष वर्ग दोन आठवडे थांबवले आणि मिशिगन स्टेटने मुलांना घरीच राहायला सांगितलं.

इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शँपेन कॅम्पसने वेगळी वाट काढली. त्यांच्या शास्त्रज्ञांनी लाळेवर चालणारी, झटपट आणि स्वस्त तपासणी तयार केली आणि मुलांना आठवड्यातून दोनदा ती सक्तीची केली. तरी सत्राच्या सुरुवातीला तिथेही आकडे चढले, कारण तपासणीत बाधित निघाल्यावरही काही मुलं पार्ट्यांना गेली. पण सततच्या तपासण्यांमुळे साथ कुठे आहे हे दिसत तरी होतं, आणि पुढे आकडे खाली आले. अशी तपासणी उभारायला प्रयोगशाळा, माणसं आणि पैसा लागतो. ज्यांचं अनुदान मे महिन्यातच कापलं होतं, त्यांच्या यादीत हा पैसा कुठून येणार? बंद राहणं महाग होतं, आणि सुरक्षितपणे उघडणं त्याहून महाग.

परदेशी मुलं मध्येच सापडली

आपल्या घरांचा संबंध इथे थेट येतो. त्या सुमारास अमेरिकेत जवळपास दोन लाख भारतीय विद्यार्थी शिकत होते. परदेशी विद्यार्थी राज्यातल्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त फी भरतो, आणि अनेक सरकारी विद्यापीठांनी २००८नंतर कापलेल्या अनुदानाची भर याच फीने घातली होती.

६ जुलै २०२० रोजी अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने फर्मान काढलं: ज्यांचे सगळे वर्ग ऑनलाइन आहेत अशा परदेशी मुलांना देशात राहता येणार नाही. निघा, नाहीतर प्रत्यक्ष वर्ग असलेल्या विद्यापीठात बदली घ्या. त्या रात्री आमच्या भागातल्या मराठी मुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहाटेपर्यंत निरोप येत होते. कुणाचं घरभाड्याचं वर्षाचं कंत्राट होतं, भारतात जायला नियमित विमानं नव्हती, आणि गेलं तर परत येता येईल का हे कुणालाच ठाऊक नव्हतं. हार्वर्ड आणि एमआयटीने ८ जुलैला दावा लावला. १४ जुलैला बॉस्टनच्या न्यायालयात सरकारने माघार घेतली. आठ दिवसांचा प्रकार, पण त्या आठ दिवसांत विद्यापीठांवर एकतरी वर्ग प्रत्यक्ष ठेवण्याचा दबाव आला, आरोग्याचं काहीही होवो.

नव्या मुलांची सुटका मात्र झाली नाही. सगळे वर्ग ऑनलाइन असतील तर नव्याने येणाऱ्यांना प्रवेश नाही, असं जुलैच्या शेवटी स्पष्ट झालं. शिवाय वकिलातींमधलं नेहमीचं व्हिसाचं काम मार्चपासूनच थांबलेलं होतं. माझी भाची सांगलीतच राहिली. कॅलिफोर्नियात दुपारी दोनला सुरू होणारा वर्ग तिच्याकडे रात्री अडीचला असायचा. घरातले उठू नयेत म्हणून ती स्वयंपाकघरात ओट्याशेजारी बसायची, कानात हेडफोन, शेजारी चहाचा थर्मास. "मावशी, सकाळी दूधवाला येतो तेव्हा माझी प्रयोगशाळा संपते," असं तिने मला एकदा सांगितलं. शैक्षणिक कर्जाचा हप्ता मंजूर झाला होता आणि फी डॉलरमध्येच जात होती. सर्वांना तिच्याएवढा धीर नव्हता, आणि नसावाच. त्या शरद सत्रात नव्याने नाव घालणाऱ्या परदेशी मुलांची संख्या ४३ टक्क्यांनी घसरल्याचं पाहणीत दिसलं.

एवढ्या ठेवी असताना कपात कशाला?

हार्वर्डकडे जून २०२० अखेर ४१.९ अब्ज डॉलरच्या ठेवी होत्या. मग त्या कशासाठी, असं कुणीही विचारेल. या ठेवी म्हणजे एक गल्ला नाही. हार्वर्डच्या बाबतीत ते चौदा हजारांहून जास्त वेगवेगळे निधी आहेत, आणि बहुतेकांवर देणगीदाराची अट आहे: हे संस्कृतच्या अध्यासनासाठी, ते अमुक आजाराच्या संशोधनासाठी. आपल्याकडे देवस्थानाला कुणी नंदादीपासाठी जमीन लावून देतं, तिचं उत्पन्न नंदादीपालाच लागतं, तसंच. तरी श्रीमंत संस्थांना थोडी सैल दोरी होती, हे मान्य करायला हवं. आणि हार्वर्डसारख्या संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्याच. बाकीच्यांकडे काही महिन्यांचीच पुंजी असते.

कपात कुणाच्या अंगावर आली? भरती थांबली. कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजेवर पाठवलं गेलं. जॉन्स हॉपकिन्सने कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती खात्यात भरायची आपली रक्कम एका वर्षासाठी थांबवली. स्टॅनफर्डने जुलैमध्ये ११ खेळ बंद करण्याचं ठरवलं. पुढे खेळाडू आणि माजी विद्यार्थी उभे राहिले, तेव्हा मे २०२१ मध्ये तो निर्णय फिरवावा लागला. ओहायोतल्या अॅक्रन विद्यापीठाने जुलैमध्ये १७८ पदं काढली. त्यात जवळपास शंभर प्राध्यापक होते. प्राध्यापकांच्या करारात 'अकल्पित आपत्ती'चं कलम होतं, त्याचा आधार घेतला गेला. इलिनॉयमधलं १८४६ साली स्थापन झालेलं मॅकमरे कॉलेज तर मे महिन्यात कायमचंच बंद झालं. ते आधीपासूनच अडचणीत होतं, साथीने शेवटचा धक्का दिला.

सगळ्यात निमूटपणे गेले ते सत्रागणिक कंत्राटावर शिकवणारे. आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांसारखेच. त्यांना काढावं लागत नाही, पुढच्या सत्राचं पत्र न पाठवलं की झालं. ते कुठल्याच कपातीच्या यादीत दिसत नाहीत. महाराष्ट्रातही तेच झालं. अनुदानित प्राध्यापकांचा पगार सरकारी तिजोरीतून येतो, तो वसतिगृह भरण्यावर अवलंबून नाही. पण ४ मे २०२०च्या शासन निर्णयाने नवी भरती रोखली, कॉलेजं प्रत्यक्ष उघडायला १५ फेब्रुवारी २०२१ उजाडला, तेही ५० टक्के उपस्थितीने, आणि मधल्या काळात ज्यांचे तासच नेमले गेले नाहीत त्यांचं घर कसं चाललं हे त्यांनाच माहीत.

अमेरिकेत आणखी एक अंदाज चुकला. मंदीत नोकऱ्या जातात, म्हणून माणसं पुन्हा शिकायला येतात, हा जुना अनुभव होता. २००८नंतर तसंच घडलं होतं. २०२० मध्ये उलटं झालं. पदवीच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्यांची संख्या १३ टक्क्यांनी घटली, आणि गरीब घरांतली मुलं जिथे जातात त्या कम्युनिटी कॉलेजांत ही घट २१ टक्के होती. वेल्डिंग किंवा नर्सिंग व्हिडिओवर शिकता येत नाही. घरातल्या लहान भावंडांच्या शाळा बंद, आईची नोकरी गेलेली. अशा वेळी अठरा वर्षांचं पोर कॉलेज बाजूला ठेवून दुकानात कामाला लागतं.

केंद्राची मदत तीन हप्त्यांत आली. मार्च २०२०च्या कायद्यात उच्च शिक्षणासाठी सुमारे १४ अब्ज डॉलर होते आणि संस्थांना मिळालेल्या वाट्यातले निदान निम्मे विद्यार्थ्यांच्या हातात रोख द्यायचे होते. दुसरा हप्ता डिसेंबरच्या शेवटी आला, म्हणजे पूर्ण शरद सत्र उलटल्यावर. सर्वांत मोठा, सुमारे ४० अब्जांचा, मार्च २०२१ मध्ये. २०२१च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाने कापलेलं अनुदान परत दिलं. राज्याची भाकीत केलेली तूट तेवढी आलीच नव्हती. श्रीमंतांचं उत्पन्न शेअर बाजारामुळे वाढलं आणि कर तिजोरीत आला.

आमच्या विभागालाही पैसे परत मिळाले. जुलै २०२१ मध्ये मी ती जुनी फाइल उघडली, लाल रकान्यांत काळे आकडे भरले, आणि हंगामी शिक्षकांच्या ओळीपाशी आले. तिथे स्पॅनिश शिकवणाऱ्या एक बाई होत्या, कित्येक वर्षं आमच्याकडे होत्या. आदल्या वर्षी त्यांना पत्र गेलं नव्हतं. मी फोन केला. त्या दुसऱ्या राज्यात बहिणीकडे राहायला गेल्या होत्या आणि एका गोदामात रात्रपाळी करत होत्या. परत येणं जमणार नाही म्हणाल्या. त्या ओळीत रक्कम होती, नावाचा रकाना मी रिकामा ठेवला.